बेबीताईंची मोटर आणि जॅमचं पातेलं

बेबीताई गजभिये यांना गाडी चालवता येत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कोणी शिकवलं नाही असं नाही. नवऱ्याने शिकवलं, मुलाने शिकवलं, शेवटी ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या एका अतिशय सोशिक बाईने शिकवलं. त्या शिक्षणात गल्लीतल्या दोन पत्रपेट्या आणि कौन्सिलचा एक लाल झाकणाचा कचऱ्याचा डबा कामी आला. तिसऱ्यांदा नापास झाल्यावर बेबीताई परीक्षकाला म्हणाल्या, "तुम्ही चांगले, मी चांगली, गाडीही चांगली. आपलं तिघांचं जमत नाही, बस." आणि तो विषय त्यांनी तिथे संपवला.

न्यूझीलंडच्या हॅमिल्टनमध्ये ज्याला गाडी येत नाही त्याचं कपाटासारखं होतं. कोणी हलवलं तर हलायचं. मारोतीराव होते तोवर हे कपाट रोज हलत होतं. ते दूध-पावडरीच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल सुपरवायझर. कुरकुरत का होईना, बायकोला म्हणेल तिथे नेत. एका जुलैत, इथल्या ऐन हिवाळ्यात, फ्लू छातीत उतरला आणि आठवडा भरायच्या आत ते गेले. त्यानंतर बेबीताईंच्या वाट्याला लिफ्ट आली.

लिफ्ट म्हणजे काय ते गाडीवाल्यांना कळत नाही. पर्स मांडीवर घेऊन खिडकीशी बसायचं. हॉर्न वाजायच्या आत दाराला कुलूप लावून उभं राहायचं, कारण समोरच्याला ताटकळत ठेवायचं नाही. वाटेत नेणाऱ्याच्या जावयाच्या नोकरीबद्दल ऐकायचं. दुकानात वांगी निवडायला वेळ लावायचा नाही. कार्यक्रम कंटाळवाणा असला तरी "चला" म्हणायचा हक्क आपला नाही. आणि उतरताना दर वेळी तोंडभर थँक्यू. बेबीताईंनी हे वर्षभर केलं. मग एक दिवस नदीकाठच्या रस्त्यावर त्यांना एक डच म्हातारी तीन चाकांच्या सायकलवरून, केस उडवत, सुसाट जाताना दिसली. बेबीताई तिच्या पुढ्यात जाऊन उभ्याच राहिल्या.

"थांबा! ही कुठे मिळते?"

महिन्याभरात तशीच एक जुनी, हिरवी, बेबीताईंच्या गराजमध्ये आली. मागे दोन चाकं, त्यांच्यामधे जाळीची भलीमोठी टोपली आणि टोपलीखाली प्लास्टिकच्या खोक्यात बंद केलेली मोटर. मोटर एवढीशी, लिटरभर तेलाच्या डब्याएवढी. पेडल मारलं की ती खालून जोर लावायची. बेबीताई लायब्ररीत जाऊ लागल्या, डॉक्टरकडे जाऊ लागल्या, इंडियन दुकानात एकेक वांगं उचलून, दाबून, परत ठेवू लागल्या. आणि मुख्य म्हणजे पोहायला जाऊ लागल्या. साठी उलटल्यावर त्या पोहायला शिकल्या होत्या. आठवड्यातून तीन दिवस सकाळी दहाला, टॉग्ज म्हणजे इथले पोहायचे कपडे घालून, टोपीत केस कोंबून, सात-आठ म्हाताऱ्यांबरोबर पाण्यात. तिथे त्यांना कोणी मारोतीरावांची बायको किंवा सुगतची आई म्हणून ओळखत नव्हतं. नुसती बेबी. हे नाव ऐकून पहिल्या दिवशी सगळ्या हसल्या होत्या, दुसऱ्या दिवसापासून सवय झाली.

अडचण एकच होती. तलाव नदीच्या पलीकडे खाली आणि घर अलीकडे वर. जाताना उतार, येताना चढ. आणि येताना टोपलीत ओला टॉवेल, बटाटे, तांदळाची पिशवी. उन्हाळा लागला तशी मोटर त्या चढावर अर्ध्यात एक सुस्कारा टाकून बंद पडायला लागली. आत तापमानाचा स्विच असतो. मोटर फार तापली की तो तिला बंद करतो, नाहीतर आतली तार जळून जाईल. मग अर्धा तास गार होईपर्यंत वाट बघायची. सामानासकट ती सायकल नुसत्या पायांनी चढवणं बेबीताईंच्या गुडघ्यांना शक्य नव्हतं.

तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा त्या ओल्या केसांनी गवतावर बसल्या होत्या आणि तिकडून नीता देवस्थळी फिरायला आली. नीता शेजारी राहते. ती वाईट बाई नाही, पण कोणाच्याही मुलाचा नंबर तिच्या फोनमध्ये असतो. संध्याकाळी ऑकलंडहून सुगतचा फोन आला.

"आई, इनफ. तू रस्त्यावर बसली होतीस."

"रस्त्यावर नाही, गवतावर. लोक मुद्दाम येऊन बसतात तिथे."

"नीताकाकू म्हणाली तू लालबुंद झाली होतीस."

"मी सावळी आहे. नीताला म्हणावं चष्मा बदल."

"जोक नको करू. मी बिल्डरला हो सांगतोय. मागच्या अंगणात तुझ्यासाठी ग्रॅनी फ्लॅट. अक्षतापण ओके आहे. तू इथे ये, मी नेईन ना तुला सगळीकडे."

"तू? तू घरी येतो सात वाजता. मी पोहते सकाळी दहाला."

"वीकेंडला जाऊ."

 ऑकलंडची ती खोली बेबीताईंना दिसली. स्वच्छ, नवीन, हीट पंप लावलेली. खिडकीत पर्स घेऊन बसलेली त्या स्वतः दिसल्या. मुलगा प्रेमळ होता, सून चांगली होती, हेच तर वाईट होतं. भांडायला कारण नव्हतं.

"काय केलं म्हणजे तू गप्प बसशील?" त्यांनी विचारलं.

सुगत बँकेच्या आयटीत आहे. त्याला अशा प्रश्नाचं उत्तर लगेच सुचतं. "प्रूव्ह कर. फेब्रुवारीत वायटांगीच्या सुट्टीच्या वीकेंडला मी येतो. पुलापासून घरापर्यंत, सामानासकट, मोटर बंद न पडता वर ये. आलीस तर बिल्डर कॅन्सल. नाही आलीस तर तू ऑकलंडला. फेअर?"

"ठरलं," बेबीताई म्हणाल्या आणि फोन ठेवून सरळ कुंपणापाशी गेल्या. पलीकडे नीताचे यजमान रमणराव टोमॅटोला पाणी घालत होते. रमण देवस्थळी पुण्याचे, मेकॅनिकल इंजिनियर. जन्मभर डेअरीच्या यंत्रांची डिझाइनं केली आणि आता रिटायर होऊन टोमॅटोची डिझाइनं करत होते.

"रमणराव, तुमच्या बायकोने घोळ केला आहे. निस्तरायला तुम्ही या."

रमणरावांनी खोकं उघडून मोटर पाहिली, चष्मा वर केला, खाली केला. "मोठी मोटर टाकली तर प्रश्न सुटेल."

"टाका मग."

"पण तीनशे वॉटच्या वर गेलं की ही सायकल राहत नाही. मोपेड होते. मग रजिस्ट्रेशन, आणि लायसन्स."

लायसन्स शब्द ऐकून बेबीताईंनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं.

"बरं. म्हणजे हिलाच गार ठेवायचं. मोटर आत तापते, पण हिचं अंग आहे गुळगुळीत आणि गोल. उष्णता बाहेर टाकायला जागाच नाही. अंगावर पाती बसवली, म्हणजे हवेला लागणारी जागा वाढवली, की..."

"हत्तीचे कान. हत्ती त्यांनीच गार राहतो. मला शिकवू नका, मी फिजिक्सची बी.एस्सी. आहे. पाती कुठे मिळतात?"

"तयार मिळतात, पण सपाट. गोल मोटरीवर बसणार नाहीत. हव्या त्या मापाची चीनहून मागवली तर वायटांगी उलटून जाईल. घरीच करू. ॲल्युमिनियम लागेल. तुमच्याकडे एखादं जुनं पातेलं असेल ना?"

"माझ्या घरात जर्मल नाही."

हे त्या अशा आवाजात म्हणाल्या की रमणरावांच्या हातातली पाण्याची नळी आपोआप खाली गेली.

ॲल्युमिनियमला नागपूरकडे जर्मल म्हणतात. बेबीताईंच्या आईच्या घरात सगळं जर्मलच होतं. पोचे पडलेला भाताचा गंज, काळी पडलेली परात, कड फाटलेला तांब्या. शाळेत बेबीची एक मैत्रीण होती, दोन गल्ल्या पलीकडची. तिच्या घरी गेलं की तिची आई चहा द्यायची, हसून द्यायची, बस म्हणायची. घरचे सगळे स्टीलच्या कपात प्यायचे आणि बेबीचा चहा जर्मलच्या कपात यायचा. तो कप मागच्या दारी, भिंतीतल्या कोनाड्यात पालथा घातलेला असे. पिऊन झालं की तो बेबीनेच विसळून तिथे पालथा घालायचा. हे कोणी सांगितलं नव्हतं. न सांगताच सगळ्यांना ठाऊक होतं. बेबी तिसऱ्यांदा गेली तेव्हा तिने चहा नको म्हटलं, आणि मग त्या घरी जाणंच सोडलं.

पुढे बेबी आपल्या वस्तीतली पहिली बी.एस्सी. झाली, कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागली, आणि पहिल्या पगारापासून स्टील घ्यायला सुरुवात केली. महिन्याला एक नग: वाटी, पेला, ताट, डबा. प्रत्येकावर नाव घालून. स्वयंपाकघर पुरतं स्टीलचं झालं त्या दिवशी तिने आईचं जर्मल पोत्यात भरून भंगारवाल्याला दिलं. आई नको नको म्हणत होती. न्यूझीलंडला येताना विमानात वजन जास्त झालं तेव्हा बेबीताईंनी साड्या काढल्या, स्टील ठेवलं. मारोतीराव विमानतळावर कपाळाला हात लावून बसले होते.

यातलं काही त्यांनी रमणरावांना सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "स्टील आहे. भरपूर आहे. त्याची करा."

"स्टीलमधून उष्णता तितकीशी..."

"धातू आहे ना? मग जाईल."

रमणरावांच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. बाई कुठल्या सुरात बोलली की गप्प बसायचं हे त्यांना पक्कं कळत होतं.

बेबीताईंनी कपाटातून चार जाड ताटं काढून दिली. रमणरावांनी ग्राइंडरने ती कापली. ठिणग्या उडाल्या, नीताने व्हिडिओ काढला आणि ग्रुपवर टाकला. एकेक पट्टी काटकोनात वाकवली. आडवी बाजू मोटरीच्या अंगाला टेकलेली, उभी बाजू बाहेर हवेत. बागेच्या नळीला आवळायच्या पत्र्याच्या क्लिपा असतात, त्या दोन बाजूंनी घालून सगळं करकचून बांधलं. चकाकत्या पात्यांची ती मोटर एखाद्या रुखवतात मांडावी अशी दिसत होती.

"झकास!" बेबीताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तलावावरून परत येताना ती पूर्वीच्याच ठिकाणी बंद पडली. पूर्वीच्या ठिकाणापेक्षा फार तर दोन झाडं पुढे. बेबीताई उतरल्या, टोपली वर केली, मोटरीच्या अंगाला बोट लावलं आणि चटका बसून मागे घेतलं. मग स्टीलच्या पात्याच्या टोकाला बोट लावलं. गार. मोटर खाली भाजत होती आणि पाती मजेत बसली होती. उष्णता टोकापर्यंत पोचतच नव्हती.

मग बेबीताईंना स्वतःचा भयंकर राग आला. कारण प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं त्यांनी हाच प्रयोग मांडून दिला होता. वेगवेगळ्या धातूंच्या कांड्या, कांड्यांना मेणाने चिकटवलेल्या टाचण्या, टोकाला आच. तांब्याच्या टाचण्या टपाटप पडायच्या, ॲल्युमिनियमच्या पाठोपाठ, आणि स्टीलच्या तास संपला तरी चिकटून. ॲल्युमिनियमच्या मानाने या स्टीलमधून दहावा हिस्सासुद्धा उष्णता जात नाही. पोरांकडून त्यांनी हे घोकून घेतलं होतं. त्यांना हे माहीत होतं, आणि माहीत असून त्यांनी चार चांगली ताटं कापायला दिली.

कुंपणापाशी रमणराव उभेच होते. "मी काही म्हणत नाही," ते म्हणाले.

"म्हणूही नका."

दुसऱ्या दिवशी बेबीताई जुन्या वस्तूंच्या दुकानात गेल्या. चर्चच्या बायका चालवतात ते. कपबश्या, विणलेल्या टोप्या, कोणाच्या तरी आजोबांच्या गोल्फच्या काठ्या, आणि खालच्या फळीवर एक मोठं, जाड बुडाचं, कडीवालं जर्मलचं पातेलं. बेबीताईंनी ते दोन हातांनी उचलून काउंटरवर ठेवलं. काउंटरवरच्या माओरी बाईचा चेहरा उजळला.

"किया ओरा! अगं, माझ्या नॅनचं, आजीचं, अगदी असंच होतं. मराएवर, आमच्या सभाघरात, दोनशे माणसं जेवायला असली तरी नॅन याच्यातच करायची. आणि प्लमचा जॅम! तूपण जॅम करणार?"

"नाही. मी कापणार."

"कापणार? जॅमचं पातेलं?"

"मोटर तापते माझी."

बाईने क्षणभर विचार केला. "नॅनला आवडलं असतं. तिने बाथटबमध्ये बटाटे लावले होते," ती म्हणाली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं.

घरी आल्यावर बेबीताईंनी ते धुतलं आणि स्टीलच्या रॅकवर पालथं घातलं. घातल्यावर लक्षात आलं की आपण ते पालथं घातलं. मग उचललं, फडक्याने आतून-बाहेरून पुसलं आणि ओट्यावर सुलटं, मधोमध ठेवलं. थोडा वेळ बघितलं. रडण्यासारखं काही नव्हतं, आणि परीक्षेचा शनिवारही जवळ आला होता.

दुपारी गराजमध्ये रमणरावांनी पातेलं शिकंज्यात धरलं आणि बेबीताई करवत घेऊन बसल्या. ॲल्युमिनियम मऊ, लोण्यासारखं नाही, पण कापलं जातं. मधेच, करवत न थांबवता, त्यांनी कपाची गोष्ट सांगितली. चार-पाच वाक्यांत, कोणा तिसऱ्याच बाईची असावी तशी.

रमणराव बराच वेळ शिकंज्याचा स्क्रू घट्टच करत राहिले.

"आमच्याकडेपण होता," ते म्हणाले. "आजीच्या वेळी. मागच्या दारी."

"कशाचा?"

"ॲल्युमिनियमचाच असणार. मी कधी नीट बघितला नाही."

"तुम्हाला बघायचं कारण नव्हतं."

"नाही," रमणराव म्हणाले. "नव्हतं."

"पट्टी नीट धरा. वाकडी जाते आहे."

त्यांनी नीट धरली. 

या वेळी काम घाईचं झालं नाही. टोमॅटोचा एक रिकामा डबा बरोबर मोटरीच्या जाडीचा निघाला. त्याच्यात लाकूड ठोकून, त्याच्यावर प्रत्येक पट्टीचा तळ लाकडी हातोडीने ठोकून गोल केला, म्हणजे मोटरीला सपाट चिकटेल आणि मधे हवा राहणार नाही. तरी राहणाऱ्या फटींसाठी रमणरावांनी कॉम्प्युटरच्या आत लावतात ती राखाडी पेस्ट दिली. बेबीताईंनी ती लोणी लावावं तशी पातळ लावली. "जाड नको," रमणराव म्हणाले. "मी पोळीला तूपसुद्धा जाड लावत नाही," बेबीताई म्हणाल्या. क्लिपा आवळल्या. मग बेबीताई प्लास्टिकचं खोकं परत बसवायला लागल्या.

"हे काय करताय?"

"झाकते आहे. पाऊस, चिखल."

"बेबीताई, आपण हिला कान लावले आणि तुम्ही वरून गोधडी घालताय."

बरोबर होतं. खोक्याच्या दोन्ही बाजू कापून मोठ्या खिडक्या केल्या आणि त्यांना मच्छरदाणीची जाळी लावली.

दुसऱ्या दिवशी मोटर चढाच्या शेवटच्या वळणापर्यंत आली. पण शेवटच्या वळणाला सुस्कारा टाकायचा तो टाकलाच. बेबीताईंनी टोपली वर करून पात्याच्या टोकाला बोट लावलं. गरम! टोकापर्यंत गरम. त्यांना इतका आनंद झाला की शेजारून पळत जाणाऱ्या एका मुलीलाही त्यांनी बोट लावायला लावलं. आणि पाच मिनिटांत, पूर्वीच्या अर्ध्या तासाऐवजी पाच मिनिटांत, मोटर परत सुरू झाली.

तेव्हा त्यांना दुसरी गोष्ट कळली. पाती म्हणजे जादू नाही. पाती उष्णता लवकर टाकतात, पण टाकायला त्यांनाही वेळ लागतो. वळणाच्या अलीकडे एक बाक आहे. मोटर बंद पडायच्या आधीच, आपणहून, त्या बाकावर थांबलं, थर्मासमधला चहा घेतला आणि मग निघालं, तर ती वरपर्यंत एका दमात येते. त्यांनी दोनदा करून बघितलं. दोन्ही वेळा आली.

"पण सुगत म्हणाला होता, न थांबता," नीता म्हणाली.

"बंद न पडता म्हणाला होता."

"तांत्रिकदृष्ट्या यांचं बरोबर आहे," रमणराव म्हणाले. "पण कशाला वाद? परीक्षा सकाळी सातला घ्या. गार असतं. बाकाची गरजच पडणार नाही, सरळ वर याल."

बेबीताईंनी विचार केला नाही असं नाही. चांगला रात्रभर केला. सकाळी त्या म्हणाल्या, "नको. मी येते बाराला, भर उन्हात. सातला येऊन सुगतला फसवता येईल. पुढच्या आठवड्यात त्याच चढावर मीच असणार."

सुगत शनिवारी अकराला आला. जँडल्स म्हणजे इथल्या रबरी चपला, शॉर्ट्स, नाकावर उन्हासाठी पांढरं झिंक. त्याने टोपलीखाली वाकून बघितलं.

"आई, हे काय आहे? तू मोटरला फणस लावलास?"

"पातेलं आहे."

"कोणाचं?"

"माझं. चल, पुलापाशी."

बेबीताई तलावात जाऊन पोहून आल्या. कारण एरवी पोहून येतात तर आजही पोहूनच. टोपलीत ओला टॉवेल, बटाटे, तांदूळ. "तुझी बॅगपण टाक," त्या म्हणाल्या. सुगतने टाकली. त्या निघाल्या आणि तो मागून चालत राहिला. ऊन मी म्हणत होतं. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. मोटरीचा आवाज एकसारखा. सुगत मागून फोनवर व्हिडिओ काढत होता. आणि मग बाकापाशी बेबीताईंनी ब्रेक दाबला.

सुगत पळत आला आणि त्याने सायकलला मागून दोन्ही हात लावले. "बंद पडली ना? इट्स ओके, आई. इट्स ओके. मी ढकलतो."

"हात काढ! पडली नाही. मी थांबवली."

"सेम थिंग."

"सेम कसं? तू ऑकलंडहून येताना कॉफीला थांबला की नाही?"

"थांबलो, पण..."

"मग तुझी गाडी बंद पडली म्हणायचं?"

सुगत बाकावर बसला. बेबीताईंनी थर्मासच्या झाकणात त्याला चहा ओतून दिला. त्याने घेतला, प्यायला नाही.

"आई, मोटरचा इश्यू नाहीये," तो म्हणाला. इतका वेळ इंग्रजीत विचार करणारा पोरगा आता मराठीत अडखळत होता. "बाबा गेले तेव्हा मी इकडे येताना, वाटेत बॉम्बे हिल्सवर ट्रॅफिकमध्ये होतो. एक तास. गाडी हलतच नव्हती. मग हॉस्पिटलमध्ये आलो तर... तू कुठे तरी बसलीस, आणि मी परत तिथेच अडकलो तर?"

"तर अडकशील," बेबीताई म्हणाल्या. "आणि मी तुझ्या अंगणातल्या खोलीत असले, तरी तू ऑफिसात असशील. दुपारी दोनला काही झालं तर तुलाच आधी कळेल असं काही नाही. इथे निदान नीता आहे. ती तर माझ्याआधी तुला सांगते."

सुगतला हसू आलं. त्याने ते दाबायचा प्रयत्न केला.

"टोकाला हात लाव," बेबीताई टोपली उचलत म्हणाल्या.

त्याने लावला. "गरम आहे."

"गरम आहे म्हणजे उष्णता बाहेर येते आहे. गार लागलं असतं तर मी आज तुझ्याबरोबर ऑकलंडला आले असते. मी काही हट्टाने राहून नाही राहिली इथे. जमतं म्हणून राहून राहिली."

रागावल्या किंवा मनापासून बोलल्या की त्यांचं नागपूर बाहेर येतं. सुगतने चहा संपवला.

बेबीताईंनी पात्याला पुन्हा बोट लावलं, मान डोलावली आणि बसल्या. शेवटचं वळण सर्वांत उभं आहे. मोटर गुरगुरली, पण सुस्कारा टाकला नाही. सुगतला बरोबर राहायला पळावं लागलं. वळणावर त्याची एक जँडल मागे राहिली आणि ती आणायला तो परत गेला तोवर बेबीताई फाटकाशी पोचल्याही होत्या. कुंपणापलीकडून रमणराव टाळ्या वाजवत होते आणि नीता व्हिडिओ काढत होती.

सुगत धापा टाकत हिरवळीवर आडवा झाला. बेबीताईंना धाप नव्हती.

"मग मी बिल्डरला काय सांगू?" त्याने आकाशाकडे बघत विचारलं.

"बांध म्हणावं. अक्षता स्वयंपाकघरातल्या टेबलावर मीटिंगा घेते, मागे कुकरच्या शिट्या. वेगळी खोली हवी म्हणून तिने दहा वेळा म्हटलं असेल तुला. तू ऐकलं नाहीस, कारण तू माझ्या खोलीच्या मागे लागला होतास."

"आणि तू?"

"मी पाहुणी येईन. चार दिवस. बसने."

"हिवाळ्यात काय करशील? पावसात?"

"पावसात रेनकोट घालतात, सुगत. आणि मोटर गारच राहते."

तो उठून बसला. खिशातून फोन काढला आणि अक्षताला लावला. बटाटे आत नेताना बेबीताईंना त्याचं इंग्रजी ऐकू येत होतं. खोली तेवढीच, पण आता ऑफिस, खिडकी पूर्वेला हवी की पश्चिमेला, नाही, आई येत नाहीये, हो, खरंच, हो, बघितलं मी. पुढचं ऐकायला त्या थांबल्या नाहीत. टॉवेल वाळत घालायचा होता.